तुझं नाक, शैला

शैला,

अंजिराची मान आधी बघायची, हे मला तू शिकवलंस. देठाखालची मान ताठ असेल तर फळ कच्चं. घाईने उतरवलेलं अंजीर घरी आणून कितीही ठेवलं तरी पिकत नाही, नुसतं सुकत जातं. मान थोडी कललेली असेल आणि सालीवर बारीक भेगा दिसत असतील, तर हात पुढे करायचा. मग बूड बघायचं. तिथलं तोंड किंचित उघडं असलेलं चालतं. पण तिथे फेस दिसला, चिलटं बसलेली दिसली, तर ते आतून आंबलेलं. आणि सगळ्यात शेवटी नाक.

शेवटी म्हणायचीस खरी, पण तुझं नाक सगळ्यांच्या आधी पोचायचं. मुलुंड स्टेशनजवळच्या मोहनभाईंच्या दुकानात शिरण्याआधीच तू फुटपाथवर थांबायचीस आणि म्हणायचीस, "आज नको गं, कालचा माल आहे." मोहनभाई आतून ऐकायचे. बाकी गिऱ्हाइकांना ते अंजिरांना बोट लावू द्यायचे नाहीत, तुझ्यापुढे मात्र अख्खी करंडी सरकवायचे. "शैलाबेन, तुम्हीच काढा. उगाच मला खोटा पाडता."

मी कणकवलीकडच्या खेड्यातली. ओलं अंजीर मी भांडुपला लग्न होऊन येईपर्यंत पाहिलंच नव्हतं. दोऱ्यात ओवलेली सुकी अंजिरं बाळंतिणीला देतात, तेवढंच ठाऊक. पहिल्या खेपेला दिवस गेले, अंगात रक्त कमी निघालं, तेव्हा तूच मला मुलुंडला घेऊन गेलीस. तोवर मी तुला "वन्सं" म्हणत होते. त्या दिवशी बसस्टॉपवर अंजीर मधोमध फोडून, आत काही वळवळत नाही ना हे बघून, अर्धं माझ्या हातावर ठेवलंस आणि म्हणालीस, "वन्सं काय गं? म्हातारी झाल्यासारखं वाटतं. शैला म्हण. तूही माझ्याच वयाची." घरी आईंना ते आवडलं नाही. "नणंदेक नावान हाक मारतत काय?" म्हणाल्या. तू म्हणालीस, "मीच सांगितलंय." विषय संपला.

मीनू झाल्यावर मला साकीनाक्याला ट्रान्झिस्टर जोडायच्या युनिटमध्ये काम मिळालं, तेव्हाही तूच पुढे झालीस. तुझी टेलिफोन ऑपरेटरची ड्यूटी सकाळची, दुपारी तू घरी. "पोरीला मी बघते. आईच्या गुडघ्याला धावपळ झेपणार नाही. वसुधा जाईल कामाला." दिनेश काही बोलायच्या आत तू सगळं ठरवून टाकलंस. माझ्या नवऱ्याला गप्प करायचं तुझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमलं नाही.

आपलं भांडण एकच, आणि ते दर हंगामात नव्याने सुरू व्हायचं. दिवसभर सोल्डरच्या धुरात बसून माझं नाक बधिर झालेलं, म्हणून मी अंजीर हाताने निवडायची. अंगठ्याने अलगद दाबायचं, आत मऊ लागलं की घ्यायचं. तू हसायचीस. "टेम्पोत दबलेलं फळसुद्धा मऊच लागतं. हात फसतो. नाक नाही फसत." मी म्हणायची, "बाजारात एवढे शंभर वास, त्यात तुला अंजिराचा बरा कळतो." "कळतो," म्हणायचीस. बस्स. तुला सिद्ध करायची गरजच वाटायची नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

मग तो भोपाळचा हिवाळा आला. तिकडे गॅस फुटून झोपेत माणसं गेली, त्यानंतर आपल्या भागात जो तो वास घेत हिंडत होता. चाळीच्या मागेच कारखान्याची भिंत. तिथून रोज काही ना काही यायचं, कधी आंबट, कधी जळकं, कधी दवाखान्यासारखं. आधी कुणी लक्ष देत नसे. त्या हिवाळ्यात बायका धुणं वाळत घालताना मध्येच थांबून वर बघायच्या.

त्या दुपारी मी कामावर होते. जे झालं ते मी फक्त ऐकलंय. तू मीनूला भरवत होतीस. अचानक वाटी खाली ठेवलीस, तिला कडेवर घेतलंस आणि गॅलरीत एकेक दार ठोठावत सुटलीस. "बाहेर पडा. वास येतोय. आग्रा रोडला चला." एरवी कुणी हललं नसतं. त्या दिवशी सगळी चाळ उतरली. पोरांच्या तोंडावर ओले पंचे, आई अनवाणी, शेजारच्या म्हाताऱ्या भाऊंना दोघांनी खुर्चीसकट उचललेलं. आग्रा रोडच्या पलीकडे उन्हात सगळे उभे राहिले आणि वाट बघत बसले.

काहीच झालं नाही. कारखान्याचा माणूस येऊन सांगून गेला की आत काहीही फुटलेलं नाही, वास कसला, कुठे. लोक परत आले तर कुणाचा भात करपलेला, कुणाचं दूध उतू गेलेलं. सगळ्यात मोठा आवाज पलीकडच्या खोलीतल्या सावंतकाकूंचा. "शैला, तुझं नाक आहे की सायरन? आम्हाला काय कामधंदे नाहीत?" दुसऱ्या दिवसापासून चाळीतली पोरं तुला सायरन म्हणायला लागली. तू जिन्याने वर आलीस की खालून कुणीतरी भोंगा वाजवल्यासारखा आवाज काढायचं. तू हसून घ्यायचीस. मी संध्याकाळी तुला विचारलं होतं, "नक्की कसला वास होता?" तू म्हणालीस, "जळक्या रबरासारखा, पण त्याच्या आत काहीतरी बोचणारं." आणि मग, "जाऊ दे. चुकलं असेल."

चुकलं असेल, असं तुझ्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

त्याच वर्षी अंजिरं आली आणि आपण मुलुंडला गेलो. मोहनभाईंनी नेहमीसारखी करंडी पुढे केली. माल सुंदर होता. जांभळट, माना कललेल्या, मलाही दुरून कळत होतं. तू एक उचललंस, नाकाशी नेलंस आणि खाली ठेवलंस. दुसरं उचललंस. "जळलेली आहेत," म्हणालीस.

मोहनभाई हसले. "अंजीर कसा जळणार, बेन?"

"जळक्या रबराचा वास आहे. सगळ्यांना."

त्यांनी एक हुंगलं, मला दिलं. माझ्या बधिर नाकालासुद्धा गोड वास आला. मी तुला ते सांगायला वळले, तर तू माझ्याकडे बघत नव्हतीस. कुठेच बघत नव्हतीस. तोंड हलत होतं, काही चघळल्यासारखं, आणि तोंडात काही नव्हतं. हातातलं अंजीर तू मुठीत आवळत गेलीस, आवळत गेलीस, बोटांच्या फटींतून लाल गर आणि बिया बाहेर आल्या आणि मनगटावरून खाली ओघळल्या. मी "शैला, शैला" म्हणून दंड हलवला. दुकानातल्या दोन बायका मागे सरकल्या.

मग तू पापण्या मिटल्यास, उघडल्यास, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणालीस, "झाली का अंजिरं घेऊन? चल, उशीर होतोय." हाताकडे बघून तुलाच नवल वाटलं. "हे काय झालं?"

चतुर्थी होती, तुझा उपवास होता. चक्कर असेल असं मी स्वतःला सांगितलं. मोहनभाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, पण त्यांची नजर तुझ्या तोंडावर होती. निघताना मला हळूच म्हणाले, "दाखवून घ्या कुणाला तरी."

घरी सांगितलं तर दिनेश म्हणाला, "उपाशीपोटी बाजारात कशाला जाता?" आई म्हणाल्या, "कारखान्याचो वास तिच्या डोक्यात बसलो हा. रोज तोच विषय." आणि खरंच, त्या चाळीत वासाबद्दल कोण कुणाला वेड्यात काढणार? रोजच काहीतरी यायचं. पण तू आता बोलत नव्हतीस. मी तुझ्यावर लक्ष ठेवून होते म्हणून मला दिसायचं. भाजी निवडता निवडता तुझे हात थांबायचे. तू उठून स्टोव्ह बघून यायचीस, तो विझलेला असायचा. पुन्हा बसायचीस. विचारलं तर, "काही नाही गं." सायरन म्हणवून घ्यायची तुला आता ताकद उरली नव्हती. दर खेपेला मला वाटायचं, काहीतरी जवळ येतंय आणि आपण दोघी त्याची पावलं ऐकतोय, पण एकमेकींना सांगत नाही.

मग तो शनिवार. युनिटमध्ये वीज गेली म्हणून आम्हाला लवकर सोडलं. मी जिना चढतानाच करपलेल्या दुधाचा वास आला. मलासुद्धा आला, म्हणजे किती असेल. दार लोटलं. आई देवळात गेलेल्या. खोली धुराने भरलेली, स्टोव्ह भडकलेला, पातेलं काळंठिक्कर. मीनू त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभी राहून पेटलेल्या ज्योतीकडे बघत होती. आणि तू भिंतीला टेकून बसली होतीस. डोळे उघडे, तोंड चघळल्यासारखं हलत होतं. घरात खरंखुरं जळत होतं आणि जगातलं सगळ्यात तिखट नाक तिथेच बसलेलं होतं.

मीनूला ओढून मी गॅलरीत नेलं. तू भानावर आलीस, धूर बघितलास, पातेलं बघितलंस, मग मीनूला बघितलंस. मी एवढंच म्हटलं, "उद्यापासून मीनू तुझ्याकडे एकटी राहणार नाही."

तू भांडशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "मी आज तुला तेच सांगणार होते." आणि पदराचा बोळा करून तोंडात धरलास, आवाज येऊ नये म्हणून.

सोमवारी तू स्वतःच रजा टाकलीस. आपण आधी चाळीखालच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी तुला विचारलं, वास येतो तेव्हा पोटातून काही वर चढल्यासारखं वाटतं का, नंतरचं काही आठवतं का. तू प्रत्येकाला हो म्हणत गेलीस. डोक्याचा फोटो काढला. उजव्या कानाच्या वर, आत, एक गाठ होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले की वास बाहेर कुठेच नाही, तो गाठीतून येतो. नाकाचा काही दोष नाही, मेंदू फसतोय.

दिनेश बाकावर बसून रडला. तू त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, "रडतोस काय? वास कुठून येतो ते तरी कळलं."

ऑपरेशन झालं. केस गेले, पुन्हा आले. झटके थांबले. आणि त्यांच्याबरोबर सगळेच वास गेले. फोडणी, अगरबत्ती, मीनूच्या डोक्याचं तेल, काहीच तुला येईना. चाळीतल्या लोकांना आता तुझी दया यायची. त्या दुपारच्या गोष्टीला आता सगळ्यांकडे नीट उत्तर होतं. "बिचारीच्या डोक्यात गाठ होती, तेव्हापासूनच." पोरांनी चिडवणं सोडलं. मला वाटलं, बरं झालं.

तुला तसं वाटत नव्हतं, हे मला पुढच्या हंगामात कळलं. आपण पुन्हा मोहनभाईंकडे गेलो. त्यांनी करंडी पुढे केली आणि तू हात मागे बांधून उभी राहिलीस. "ती काढेल," म्हणालीस. मोहनभाई मान खाली घालून पिशव्या सारख्या करायला लागले. मी अंगठ्याने दाबून दाबून निवडली. प्रत्येक वेळी तुझ्याकडे बघत होते आणि तू माझ्या अंगठ्याकडे बघत होतीस. एकदाच म्हणालीस, "ते नको. बूड बघ." बघितलं, फेस होता. तुझे डोळे अजून तुझेच होते.

बसस्टॉपवर तू अंजीर फोडून अर्धं मला दिलंस, आणि ते बोललीस. "वसू, एक सांगू? तो पहिला वास खरा होता."

"कुठला पहिला?"

"चाळ खाली काढली तो. नंतरचे सगळे खोटे होते. दुकानातला, घरातला, सगळे. पण त्या दिवशी माझे डोळे चुरचुरले होते. मीनूच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. गाठीतून आलेल्या वासाने मीनूचे डोळे कसे चुरचुरतील?"

मी म्हटलं, "तेव्हापासूनच गाठ होती. डॉक्टर म्हणाले ना."

"डॉक्टर तिथे नव्हते."

"बाकी सगळी चाळ तिथे होती. कुणालाच आला नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. आपल्या माणसाला काहीतरी दाखवावं आणि त्याला ते दिसू नये, तसं. मग बस आली. तो वाद तिथेच राहिला. नंतर तू एकदोनदा सुरुवात केलीस आणि मी विषय बदलला, कारण मला तू बरी व्हायला हवी होतीस, आणि तो विषय आजाराचा आहे असंच मला वाटत होतं.

या थंडीत गाठ पुन्हा आली. या खेपेला वास नव्हते. नुसती झोप, दिवसादिवसाला वाढणारी. मीनू तुझ्या उशाशी बसून तुझी बोटं उघडायची आणि मिटायची. एका दुपारी ती खेळता खेळता मला म्हणाली, "आत्या आता हात दाबत नाही." मी आईंना हाक मारली. एवढंच झालं. इतक्या साध्या रीतीने तू गेलीस की मला कितीतरी वेळ उठावंसंच वाटेना.

तुझं तेरावं झाल्यावर परवा मी मुलुंडला गेले. आईंना काहीच जात नाहीये, म्हटलं अंजीर तरी खातील. मोहनभाईंनी करंडी माझ्यासमोर ठेवली. मी मान बघितली, बूड बघितलं, आणि मग आपसूक एक नाकाशी नेलं. गोड आणि जरासा हिरवट वास होता. तेवढ्यात शेजारी कुणीतरी उभं राहिलं. सावंतकाकू. सोबत त्यांची धाकटी मुलगी सुनीता. तिचे खांदे श्वासागणिक वर जात होते.

"सुनीताला अंजीर द्यायला सांगितलंय," काकू म्हणाल्या. "अंगात काही राहत नाही. खोकला जातच नाही."

"कधीपासून?" मी सहज विचारलं.

त्या करंडीकडे बघत राहिल्या. मग सुनीताला पलीकडे पेरूंकडे पाठवलं. "तुला सांगायचं होतं. शैला असताना धीर झाला नाही. त्या दुपारपासूनच खोकतेय ती."

काकूंनी आवाज खाली आणला.

"मलाही वास आला होता गं. डोळ्यांची आग आग होत होती. आग्रा रोडवर उभी होते तेव्हा पदर ओला झाला होता पुसून पुसून. पण यांची नोकरी त्या कारखान्यातलीच. घरी आले ते सांगतच आले की कोणी विचारलं तर काही नव्हतं म्हणायचं. म्हणून मी सगळ्यात मोठ्याने बोलले. मी हसले की सगळे हसतील, हे मला माहीत होतं."

माझ्या हातात अंजीर होतं. ते मी खाली ठेवलं, कारण आवळलं जाईल अशी भीती वाटली.

"काकू," मी म्हटलं, "हे आईंना सांगा. दिनेशला सांगा. चाळीत सांगा."

"सांगते," त्या म्हणाल्या. "यांचं जरा बघून सांगते."

शैला, अजून त्यांनी सांगितलेलं नाही. सांगतील असं वाटतही नाही. तुला मात्र कळायला हवं म्हणून हे लिहिलं. तुझ्या डोक्यात गाठ होती हे खरं आणि त्या दुपारी तुझं नाक शुद्धीवर होतं हेही खरं. बसस्टॉपवर तू मला दाखवत होतीस ते मला आता दिसतंय, आणि माझं "हो, दिसलं" ऐकायला तू नाहीस. ती भिंत तशीच उभी आहे. काल पहाटेपासून तिच्या मागून पुन्हा काहीतरी आंबट येतंय आणि चाळीत सगळे नेहमीसारखे पाणी भरतायत.

आज कामावर निघताना मी मीनूला आईंच्या हवाली केलं आणि सांगितलं, "डोळे चुरचुरले तर कुणाला विचारत बसू नका. कोण हसतंय बघू नका. तिला उचला आणि आग्रा रोडच्या पलीकडे जा."

आईंनी कशाला, म्हणून विचारलं नाही. दारातल्या चपला त्यांनी उंबऱ्याजवळ सरळ करून ठेवल्या, पायात पटकन सरकवता येतील अशा, एक जोडी स्वतःची आणि एक मीनूची.